आमच्यासाठी जुन्या बोटी तपासणाऱ्या सर्व्हेअर साहेबांचे जाहीर आभार

सर्व्हेअर साहेब,
स. न. वि. वि.

बोटीवरच्या संसाराचा आता जम बसला आहे, तरी तुमचा विषय निघाला की हिचा गळा अजून दाटून येतो. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

निवृत्तीनंतर शिडाच्या बोटीवर राहायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, हे आम्हा दोघांचं जुनं स्वप्न. जुनी बोट शोधायला निघालो तेव्हा विक्रेत्यांनी काय दाखवलं? नव्या गाद्या आणि चकचकीत पॉलिश. एकाने तर आम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं होतं. का, ते तुमच्याकडून कळलं. थंड इंजिन सुरू व्हायला किती कुरकुर करतं आणि धूर कसा सोडतं, हे गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून! आयुष्यभराची पुंजी घेऊन आलेल्या माणसांशी असं वागवतं कसं? तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र आलात ते प्लास्टिकची हातोडी घेऊन थेट डेकवर गुडघे टेकून बसलात. नवा माठ वाजवून बघावा तसा सगळा डेक वाजवलात. डोलकाठीच्या बुंध्यापाशी आवाज बद्द आला, तेव्हा हातोडी माझ्या हातात देऊन मलाही ऐकायला लावलंत. फायबरग्लासच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड पाणी पिऊन कुजलं होतं. ती बोट आम्ही सोडली. पुढच्या बोटीत समुद्राचं पाणी आत घेणारी तोटी खरवडून गुलाबी पडलेलं पितळ दाखवलंत. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि तोटी ठिसूळ होते. कांस्याच्या तोट्या बसवा, बाकी बोट दणकट आहे, म्हणालात. तीच घेतली.

पण मनात घर करून राहिलं ते वेगळंच. हत्यारं पिशवीत गेली आणि तुम्ही हिच्याकडे वळून विचारलंत, "ताई, तुम्ही कुठे झोपणार?"

तोवर तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. तिला त्या बिछान्यावर आडवं व्हायला सांगितलंत, दिवे मालवलेत, आणि अंधारात उठून शिडीने वर या म्हणालात. जिथे जिथे हाताला आधार सापडला नाही, तिथे तुम्ही खडूने खूण केलीत. तिचे गुडघे दुखतात हे आम्ही बोललोही नव्हतो. तरी खालची पायरी उंच पडते, मध्ये आणखी एक घाला, असं सांगितलंत. अहवालात याला रकाना नव्हता आणि फीमध्येही हे धरलेलं नव्हतं. कामात हुशार माणसं पुष्कळ भेटतात, पण समोरच्याच्या गुडघ्यांपर्यंत पोचणारी नजर फार थोड्यांकडे असते. अशी माणसं आहेत म्हणून या वयात अनोळखी वाटेला लागायचं धाडस होतं.

पायरी बसवली आहे. खुणांच्या जागी दांडे लावले आहेत. तळाला रंग द्यायला बोट वर काढू, तेव्हा तुम्हीच या. या खेपेला पाहुणे म्हणून.

तुमचे ऋणी,
बोटीवरचे आम्ही दोघे