‘आर चालत नाही’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, कृषी, मानसशास्त्र अशा कितीतरी विषयांच्या प्रात्यक्षिकांत आता आकडेमोड आणि विश्लेषणाची ‘आर’ ही मुक्त स्रोत प्रणाली शिरली आहे. परवान्याचे पैसे लागत नाहीत, हे उघड कारण. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर विंडोज असते आणि शिकवायचे असते उबुंटू या लिनक्सवर, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतला आभासी संगणक, उभे केले जाते (मूळ संगणक तो होस्ट, आतला तो गेस्ट). पुढच्या आठवड्यात तक्रार येते : ‘आर चालत नाही’. मग ‘आर’ काढून पुन्हा टाकले जाते. टाकीत पाणी नाही म्हणून नळ बदलण्याचा हा प्रकार आहे. बिघाड बहुतेक वेळा व्हर्च्युअल मशीनमध्ये, नेटवर्कमध्ये किंवा आकडे ज्या फाइलमधून आले त्या फाइलमध्ये असतो. तो तिथेच शोधावा, यासाठी हे पत्र. (कमांड आणि त्रुटिसंदेश इथे देवनागरीत लिहिले आहेत, टंकताना अर्थातच रोमनमध्ये टंकावेत.)

मशीन सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये प्रोसेसरची आभासीकरणाची सुविधा (इंटेलची व्हीटी-एक्स किंवा एएमडीची एएमडी-व्ही) चालू आहे का ते बघावे. सुरू होते पण गोगलगायीसारखे चालते, अशी तक्रार असेल तर खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसते का पाहा. ते दिसले, तर विंडोजचे स्वतःचे आभासीकरण, हायपर-व्ही, प्रोसेसरच्या त्या सुविधेवर आधीच बसले आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यामार्फत काम करतो आहे, असे समजावे. ‘बीसीडीएडिट’ने हायपरव्हायजरलाँचटाइप ‘ऑफ’ करून आणि कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद करून कासव जाते; पण त्याबरोबर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमधले लिनक्स) आणि डॉकर डेस्कटॉपही बंद पडतात आणि सुरक्षेचा एक थर निघतो. नुसते ‘आर’ शिकवायचे असेल तर इतका खटाटोप कशाला, ते विंडोजवर थेट उत्तम चालते. लिनक्स होस्टवर कर्नल ६.१२ आल्यापासून वेगळी अडचण आहे. लिनक्सचे स्वतःचे आभासीकरणाचे केव्हीएम मॉड्यूल लोड होतानाच प्रोसेसरची सुविधा ताब्यात घेते आणि व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीएमएक्स रूट मोड’ची त्रुटी दाखवून थांबतो. बूट पॅरामीटरमध्ये ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=०’ घातले की दोघांचे जमते.

नेटवर्कचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ प्रकार ‘नॅट’, म्हणजे गेस्ट होस्टच्या आड राहून बाहेर बोलतो. त्यात गेस्टला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, गेटवे १०.०.२.२ असतो. प्रत्येक मशीनला आपापले स्वतंत्र नॅट असल्यामुळे शेजारच्या दुसऱ्या मशीनलाही हाच १०.०.२.१५ मिळतो आणि दोघे एकमेकांना दिसत नाहीत. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. दोन मशीन एकमेकांशी बोलायला हवी असतील तर ‘नॅट नेटवर्क’ किंवा ‘होस्ट-ओन्ली’ निवडावे. दुसरी गोष्ट, नॅटमधून पिंग आणि ट्रेसराउट भरवशाने चालत नाहीत. पिंगला उत्तर नाही म्हणून इंटरनेट नाही असा निष्कर्ष काढू नये. ‘कर्ल -आय’ने (‘आय’ मोठ्या लिपीतला) एखाद्या संकेतस्थळाचे हेडर मागवून पाहावे.

नॅटचा कंटाळा आला की लोक ‘ब्रिज्ड’कडे (गेस्ट थेट बाहेरच्या नेटवर्कवर जोडण्याकडे) वळतात आणि तिथे नव्या भानगडी सुरू होतात. वाय-फायवर अ‍ॅक्सेस पॉइंट फक्त नोंदणी झालेल्या मॅक पत्त्याशीच (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाशीच) बोलतो; व्हर्च्युअल मशीनचा दुसरा मॅक पत्ता त्याला मान्य नसतो. व्हर्च्युअलबॉक्स पत्ते बदलून यातून वाट काढतो, पण ती कधी चालते, कधी नाही. तारेच्या नेटवर्कवर परिणाम आणखी वाईट होतो. महाविद्यालयाच्या स्विचवर पोर्ट सिक्युरिटी लावलेली असेल आणि एका पोर्टला एकच मॅक पत्ता मंजूर असेल, तर ब्रिज्ड मशीन सुरू होताच स्विच ते पोर्टच बंद करतो. त्या टेबलावरचा संगणकही नेटवर्कबाहेर जातो आणि सगळे केबल तपासत बसतात. अशा ठिकाणी नॅट ठेवून पोर्ट फॉरवर्डिंग करावे (इथे पोर्ट म्हणजे स्विचचे भोक नव्हे, सेवेचा क्रमांक) : होस्टचे १२७.०.०.१ वरचे २२२२ गेस्टच्या २२ कडे, एसएसएचसाठी (दूरून लॉगइन). ८७८७ तसेच ८७८७ कडे, ब्राउझरमधून ‘आर’ वापरू देणाऱ्या आरस्टुडिओ सर्व्हरसाठी.

फॉरवर्डिंग करूनही पान उघडत नसेल तर गेस्टमध्ये ‘एसएस -टीएलएनपी’ चालवावे. सेवा १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर ती मशीनच्या आतल्यांसाठीच आहे, फॉरवर्ड केलेली विनंती तिच्यापर्यंत पोचणार नाही, ०.०.०.० दिसायला हवे. ब्राउझरमध्ये चालणारी ज्युपिटर वही मुळात आतच ऐकते, तिला पत्ता सांगावा लागतो. त्रुटिसंदेशही नीट वाचावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्रापर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर कोणी बसलेले नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे वाटेत कुणी, बहुधा फायरवॉलने, पाकीट गिळले. या दोन्हींचा उपाय पूर्णपणे वेगळा आहे, आणि तक्रारीत मात्र दोन्हींसाठी ‘कनेक्ट होत नाही’ एवढेच लिहिलेले असते.

एक मशीन नीट बसवून त्याच्या ३० प्रती काढणे ही प्रयोगशाळांची नेहमीची पद्धत. प्रती काढताना मॅक पत्ते नवे घेतले, तरी अनेक मशीनना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून एकच आयपी मिळतो, तेव्हा सर्व्हरला दोष दिला जातो. उबुंटू सर्व्हरमध्ये डीएचसीपीसाठीची ओळख मॅकवरून ठरत नाही, ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ या फाइलवरून ठरते, आणि प्रतीत तीही जशीच्या तशी आलेली असते. मूळ मशीन बंद करण्यापूर्वी ही फाइल ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामी करावी, प्रत सुरू होताना नवी ओळख तयार होते. प्रती आधीच काढल्या असतील तर उबुंटूच्या नेटवर्क मांडणीत (नेटप्लॅनमध्ये) ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर : मॅक’ लिहिले तरी भागते.

आता एक असा बिघाड जो नेटवर्कचा दिसतो आणि नसतो. शनिवारी मशीन ‘सेव्ह स्टेट’ करून ठेवले, सोमवारी उघडले. उबुंटूचे पॅकेज बसवणारे ‘एपीटी’ सांगते की रिलीज फाइल अजून वैध नाही, ब्राउझर म्हणतो प्रमाणपत्र भविष्यातले आहे. गेस्टचे घड्याळ शनिवारीच अडकले आहे, एवढेच कारण. ‘टाइमडेटसीटीएल’ने वेळ पाहावी, व्हर्च्युअलबॉक्सच्या पूरक गेस्ट अ‍ॅडिशन्स बसवल्या की वेळ जुळत राहते.

छोटी पाने उघडतात, मोठी अडकतात. एसएसएच लॉगइन होते आणि मग गोठते, असे असेल तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, तपासावा. होस्टवरून (लिनक्स असल्यास) ‘पिंग -एम डू -एस १४७२’ (‘एम’ मोठ्या लिपीतला) आणि पुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता. १४७२ मध्ये २८ बाइट हेडर मिळवले की १५०० होतात. घरगुती फायबरवर पीपीपीओई प्रकारची जोडणी असेल तर मर्यादा १४९२, म्हणून १४६४ जाते आणि १४७२ अडते. व्हीपीएन असेल तर आकडा आणखी खाली येतो.

इतके ठीक असूनही पॅकेज बसत नसेल तर ‘आर’कडे यावे. ‘नॉन-झिरो एक्झिट स्टेटस’ ही शेवटची ओळ फक्त निकाल सांगते, कारण सांगत नाही. वर जाऊन पहिली ‘एरर’ शोधावी. तिथे बहुधा एखादी हेडर फाइल सापडली नसल्याचे लिहिलेले असते. उबुंटूवर ‘कर्ल’ पॅकेजला लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह, ‘ओपनएसएसएल’ला लिबएसएसएल-डेव्ह, ‘एक्सएमएल२’ला लिबएक्सएमएल२-डेव्ह लागते. ‘सीसी१प्लस किल्ड’ दिसले तर स्मृती संपली. १ जीबी दिलेल्या मशीनवर सी++ ची मोठी पॅकेजे संकलित होणार नाहीत; ४ जीबी द्यावेत किंवा २ जीबीची स्वॅप फाइल करावी. त्याहून सोपे म्हणजे ‘आर-क्रॅन-’ने सुरू होणारी तयार पॅकेजे ‘एपीटी’तून घ्यावीत, संकलनच टळते. मधेच थांबवलेल्या स्थापनेची ‘००लॉक’ नावाची फोल्डर मागे राहते. ती काढल्याशिवाय पुढची स्थापना अडून बसते. महाविद्यालयाचा प्रॉक्सी बॅशआरसीमध्ये लिहिला असेल तर तो आरस्टुडिओ सर्व्हरला दिसत नाही, ‘.आरएन्व्हायरन’मध्ये लिहावा लागतो.

स्मृतीचा हिशेब आधी कागदावर करता येतो. ‘आर’मध्ये एका दशांश संख्येला ८ बाइट लागतात. १ कोटी ओळी आणि २० स्तंभ म्हणजे १६० कोटी बाइट, साधारण दीड जीबी. प्रक्रिया करताना प्रती बनतात, तेव्हा याच्या दुप्पट-तिप्पट धरावे. २ जीबीच्या मशीनमध्ये हे मावणार नाही हे उघड आहे, तरी सत्र अचानक बंद पडले की संशय ‘आर’वरच जातो.

मराठी विदेच्या (डेटाच्या) अडचणी मात्र इंग्रजी मदतीत शोधून सापडत नाहीत, म्हणून त्या सविस्तर लिहितो. विंडोजवर ‘क’ ऐवजी कोनी कंसातला यू+०९१५ दिसत असेल तर ‘आर’ची आवृत्ती ४.२.० (एप्रिल २०२२) पेक्षा जुनी आहे. त्या आवृत्तीपासून विंडोज १० च्या १९०३ किंवा नंतरच्या रूपावर यूटीएफ-८ हे युनिकोडचे रूप मूळ संकेतन झाले. एक्सेलमधून साधे ‘सीएसव्ही’ जतन केले तर देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात, आणि ती कुठल्याही उपायाने परत अक्षरे होत नाहीत. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावे. त्यात पहिल्या स्तंभाच्या नावाला विचित्र अक्षरे चिकटली तर वाचताना फाइलएन्कोडिंग ‘यूटीएफ-८-बीओएम’ द्यावे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमधली फाइल असेल तर तीत मुळात देवनागरी नाहीच, रोमन खुणा आहेत. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग ‘आर’.

रकान्यात ‘१२५’ असे देवनागरी अंक असतील तर ‘अ‍ॅज.न्यूमरिक’ त्यांचे ‘एनए’ (मूल्य नाही) करते. ‘सीएचएआरटीआर’ने दहा देवनागरी अंक दहा इंग्रजी अंकांत बदलावेत. ‘१,२५,०००’ मधले स्वल्पविरामही ‘जीसब’ने काढावे लागतात. आणि स्तंभ फॅक्टर, म्हणजे ‘आर’चा वर्गवारीचा प्रकार, झाला असेल तर थेट अंकात बदलू नये : मूळ रकमांऐवजी १, २, ३ असे क्रमांक मिळतात, त्रुटी दाखवली जात नाही, सरासरीही निघते. प्रबंधात जाऊन बसणारी चूक ही अशी. ‘आर’ ४.० च्या आधी मजकुराचे स्तंभ आपोआप फॅक्टर होत, म्हणून जुन्या पुस्तिकांतले कोड आज वेगळे वागते.

सर्वांत चकवणारा शब्द आपलाच आहे. सातारा जिल्ह्याच्या सारणीत ‘कऱ्हाड’ दोनदा येते, दोन वेगळ्या वारंवारतांसह. दिसायला दोन्ही एकच. एकात नुक्तावाला ‘ऱ’ (०९३१) आणि हलन्त आहे, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक (२००डी) : ‘कर्‍हाड’. कोणत्या कळफलकाने टंकले त्यावर हे ठरते. ‘एनकॅर’ पहिल्याची लांबी ६ सांगते, दुसऱ्याची ७. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण हे दोन जुळवत नाही. ०९३०, ०९४डी, २००डी ही तिकडी ‘जीसब’ने ०९३१, ०९४डी अशी बदलावी लागते. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’ सगळ्यांनाच हे लागू आहे.

शिक्षकांसाठी एक वेगळी गोष्ट. ‘सेट.सीड(१२३)’ देऊन १ ते १० मधून ‘सॅम्पल’ काढा. जुन्या ‘आर’मध्ये ३, ८, ४, ७, ६, १, १०, ९, २, ५ येते, ३.६.० (एप्रिल २०१९) पासून ३, १०, २, ८, ६, ९, १, ७, ५, ४. मोठ्या समष्टीतून नमुना घेताना जुन्या पद्धतीत बारीक पक्षपात होता, म्हणून ती बदलली. जुन्या पुस्तिकेतल्या उत्तराशी ताडून विद्यार्थ्याचे गुण कापले जात असतील तर चूक विद्यार्थ्याची नाही. जुने उत्तर हवेच असेल तर ‘आरएनजीकाइंड’मध्ये सॅम्पल.काइंड ‘राउंडिंग’ करावे. ‘आर’ इशारा देईल, तो अपेक्षित आहे.

मुक्त स्रोत समुदायाकडे मदत मागताना पडद्याचा फोटो नको, मजकूर द्यावा. ‘आर’ची अडचण असेल तर ‘सेशनइन्फो()’ आणि विदेच्या २० ओळी ‘डीपुट(हेड(विदा, २०))’ने, व्हर्च्युअलबॉक्सची असेल तर मशीनच्या लॉग्ज फोल्डरमधली व्हीबॉक्स.लॉग. लाभार्थ्यांची नावे, आधार क्रमांक त्या २० ओळींतून आधी काढावेत, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते. आणि उपाय सापडला की तो तिथेच लिहावा. ‘सुटले, धन्यवाद’ एवढ्याने पुढच्याला काहीच मिळत नाही.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठी आवाजात दिले आहेत, ते उपयोगीच आहेत; पण असे पाठ साहजिकच धडधाकट यंत्र गृहीत धरतात. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी प्रात्यक्षिक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘आर’ची आवृत्ती, उबुंटूची आवृत्ती आणि मशीनला किती स्मृती द्यायची हे तीन आकडे छापावेत. पुस्तिकेसोबत तयार मशीनची ओव्हीए फाइल, तिचा एसएचए-२५६ ठसा (फाइल शाबूत आहे का ते पडताळायला) आणि पॅकेजांच्या आवृत्त्यांची ‘आरएन्व्ह.लॉक’ द्यावी.

आपले,
संख्याशास्त्र आणि नेटवर्क प्रशासन या क्षेत्रांत काम करणारे दोन वाचक, पुणे