पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि शाळेची कपाटं : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

शालेय ग्रंथालयांच्या खरेदीत होलोकॉस्टवरच्या, म्हणजे नाझी जर्मनीनं केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या, किशोर कादंबऱ्याही असाव्यात, अशी आमची मागणी आहे. मात्र पुस्तक वाचून मुलांच्या डोळ्यांत पाणी येतं, एवढ्या गुणावर ते घेऊ नये.

जॉन बॉइन यांची 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पायजमाज' (२००६) पाहा. ऑश्विट्झ या नाझी छावणीच्या कमांडरचा नऊ वर्षांचा मुलगा आणि कुंपणापलीकडचा ज्यू मुलगा गुपचूप भेटत राहतात. प्रत्यक्षात ऑश्विट्झच्या तारांत वीज खेळत होती, मनोऱ्यांवर पहारेकरी होते आणि तिथे आणलेल्या सुमारे २,३२,००० मुलांपैकी बहुतेकांना उतरल्याबरोबर गॅस चेंबरमध्ये नेलं गेलं. इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं, असं २०२० मध्ये खुद्द ऑश्विट्झ संग्रहालयानं जाहीरपणे म्हटलं. तपशिलाच्या चुका एक वेळ तळटीप देऊन सावरता येतील. पण कमांडरच्या घरातल्या मुलालाच काही ठाऊक नाही, असं दाखवल्यावर 'आम्हाला माहीतच नव्हतं' हा युद्धानंतरचा बचाव मुलांना सहज पटतो. बंदी नको, नुसत्या या एका पुस्तकावर भागवू नका, एवढंच.

दुसरी अडचण वर्गातली. 'तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं?' असं विचारलं, की सगळी मुलं 'आम्ही ज्यूंना लपवलं असतं' म्हणतात आणि तास संपतो. त्याऐवजी पात्रागणिक विचारावं : त्याला त्या दिवशी काय माहीत होतं? त्याच्यापुढे कोणते मार्ग होते? नकाराची किंमत कोणी मोजली असती?

४ सप्टेंबर १९४२ रोजी पोलंडमधल्या लॉड्झ गेट्टोच्या (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीच्या) ज्यू प्रशासनाचे प्रमुख रुमकोवस्की यांनी आईबापांना दहा वर्षांखालची मुलं स्वाधीन करायला सांगितलं. मागणी जर्मनांची होती आणि नकार दिला तरी मुलं वाचण्याची शक्यता नव्हती. त्याच वर्षी १३ जुलैला पोलंडमधल्या युझेफुव गावी सुमारे ५०० जर्मन राखीव पोलिसांना ज्यूंना गोळ्या घालण्याचा हुकूम मिळाला, तेव्हा ज्यांना जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावं, अशी मुभा मेजरनं आधीच दिली होती. पुढे आले जेमतेम डझनभर. त्यांना कोणी गोळी घातली नाही. उरलेल्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे १,५०० ज्यूंना मारलं. 'नाइलाज' हा शब्द दोन्हीकडे वापरला जातो. तो एकाच तराजूत तोलायचा नाही, हे शिकवायला चांगली कादंबरी लागते.

हे दहावीच्या पुढे. आठवीला डेन्मार्क पेलतं : ऑक्टोबर १९४३ मध्ये मच्छीमारांनी सात हजारांवर ज्यूंना समुद्रापार स्वीडनला पोचवलं आणि अनेकांनी त्याचे चांगले पैसे घेतले. पैसे घेतले म्हणून ती मदत उरत नाही का? यावर वर्ग तासभर भांडतो.

काही गोष्टी कटाक्षानं टाळाव्यात. मुलांना कैदी आणि पहारेकरी करून नाटुकलं बसवू नये. ते खेळ होऊन बसतं. प्रेतांच्या छायाचित्रांनी सुरुवात करू नये. आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे पोलिश निर्वासित हिटलरच्या छावण्यांतून आले, असं सांगू नये; त्यांना सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून हद्दपार केलं होतं. भारताशी नातं जोडायचंच तर टागोरांचं 'डाकघर' हे नाटक जोडावं. वॉर्सा गेट्टोत यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी ते १८ जुलै १९४२ रोजी सादर केलं. पुढच्याच महिन्यात कोर्चाक आणि सुमारे २०० मुलं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली गेली.

एवढं करावं : अशा प्रत्येक कादंबरीबरोबर शिक्षकासाठी दोन पानी टिपण द्यावं. पहिल्या पानावर नकाशा आणि १९३३ ते १९४५ च्या तारखा. दुसऱ्यावर कथेत काय घडलेलं, काय कल्पित. पहिलं पान कादंबरी उघडण्याआधी वर्गात वाचावं, दुसरं ती संपल्यावर.

आपले,
काही ग्रंथपाल आणि इतिहासाचे शिक्षक