आई, एकदा पोटाची सोनोग्राफी करून घे

डोंबिवली

ती. आई आणि ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर माझी तब्येत आता चांगलीच सावरली आहे. टाके केव्हाच सुकले, जिने चढते, लोकलने ऑफिसला जाते, जेवणही जवळपास पूर्वीसारखं जातंय. आई, तू इथे येऊन राहिलीस, माझं सगळं केलंस, म्हणून मी इतक्या लवकर उभी राहिले. तेव्हा माझी काळजी आता सोडा. हे पत्र लिहायला बसले आहे ते तुझ्या पोटासाठी. फोनवर विषय काढला की तू "ते जुनंच आहे गं" म्हणतेस आणि फोन बाबांच्या हातात देतेस. म्हणून बाबा, हे तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवा.

आई, तू इथे होतीस तेव्हा मला रात्री झोप लागत नव्हती. त्यामुळे तू उठलीस की मला कळायचं. ज्या दिवशी पोरांसाठी पुरणपोळ्या केल्यास त्या रात्री तू अंधारातच ओट्याशी गेलीस, ओवा चावलास, गरम पाणी प्यायलीस आणि उजवा हात मागे नेऊन खांद्याच्या पात्याखाली दाबत खुर्चीत बसून राहिलीस. कपाळाला घाम होता. बऱ्याच वेळाने कळ ओसरली तशी पदराने तोंड पुसून आडवी झालीस. सकाळी विचारलं तर म्हणालीस, पित्त झालं होतं.

माझं दुखणं याच वाटेने आलं होतं. जड जेवणानंतर, बहुतेक वेळा रात्री, पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजवीकडे, आणि तिथून पाठीत. घशाशी आंबट येतं, छातीत जळजळतं, ते दुखणं वेगळं. ते औषध घेतलं की शमतं. ही कळ आवळून धरल्यासारखी येते, अर्धा तास, कधी काही तास राहते. कूस बदला, ढेकर द्या, शौचाला जाऊन या, काही फरक पडत नाही. मग आपसूक जाते, आणि आपसूक जाते म्हणूनच माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो. तुलाही माझ्यासारखे पित्ताशयात खडेच आहेत असं मी म्हणत नाही. ते बघायला सोनोग्राफी आहे, आणि ती तू आजवर एकदाही केलेली नाहीस.

तुझी भीती मला ठाऊक आहे. आत्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या उशाशी तूच होतीस. उजव्या फासळ्यांखाली वीतभर चीर, नाकातून नळी, महिनाभर अंथरूण, हे सगळं तू डोळ्यांनी पाहिलंस. पण ती गोष्ट फार जुनी. बाबा, तुम्हाला इतिहासात गोडी आहे म्हणून लिहिते. पहिल्यांदा पित्ताशय काढलं ते जुलै १८८२ मध्ये, बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी. पुढे शंभर वर्षं हे ऑपरेशन पोट उघडूनच व्हायचं. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिक म्यूए यांनी ते दुर्बिणीतून केलं, आणि आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी. आत्याचं ऑपरेशन त्याच्याही आधीचं. तिला जे सोसावं लागलं ते आज बहुतेकांना सोसावं लागत नाही. खूप सूज असली किंवा आत सगळं चिकटलेलं असलं तर अजूनही पोट उघडावं लागतं, ते खरं. पण ती वेळ यायची नसेल तर दुखणं अंगावर काढत बसू नये.

माझ्या पोटावर चार खुणा आहेत. बेंबीपाशी एक, छातीच्या हाडाखाली एक, उजवीकडच्या दोन तर आता शोधाव्या लागतात. पूर्ण भूल दिल्यामुळे ऑपरेशनचं मला काहीच कळलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी घरी आले. मला खरा त्रास झाला तो उजव्या खांद्याचा. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का ठणकतोय, म्हणून मी घाबरले होते. तर आत दिसायला आणि हत्यारं फिरवायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा मागे राहतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याला, डिवचतो. श्वासपटलाची नस मानेतून येते, म्हणून दुखतं खांद्यात. त्यावर उपाय म्हणजे वॉर्डात सावकाश चालणं. सिस्टरांनी उठायचं कसं तेही शिकवलं: आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, कोपरावर भार देऊन मग बसायचं. खोकला आला, शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरायची. ही एवढीशी गोष्ट आधी माहीत असली तर माणसाला किती धीर येतो, ते मी अनुभवलंय.

बाबा, अख्खा अवयव काढल्यावर अन्न पचणार कसं, असं तुम्ही विचारलं होतंत. पित्तरस तयार करतं ते यकृत, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी, तिच्यात मावतो तीस ते पन्नास मिलिलिटर. तिथे रस घट्ट होतो, आणि आपण तेलातुपाचं खाल्लं की पिशवी आकसून तो आतड्यात सोडते. रसातलं कोलेस्टेरॉल वाढलं किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली की खडे धरतात. आकसताना खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की ती कळ येते. पिशवी काढल्यावर रस थेट आतड्यात थोडा थोडा उतरत राहतो, त्यामुळे पचन चालू राहतं. नुसते खडे काढून पिशवी का ठेवत नाहीत, असं मीही सर्जनना विचारलं होतं. पिशवी ठेवली तर त्यात पुन्हा खडे होतात, म्हणाले. माझे खडे त्यांनी ह्यांना डबीत दाखवले. पिवळट, साबुदाण्याएवढे.

शेजारच्या वहिनींनी तुला कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं सांगितली आहेत, हे बाबांकडून कळलं. आई, ते उपाय लोक मुतखड्यावर करतात. मुतखड्याला लघवीची वाट असते. पित्ताशयातल्या खड्याचा लघवीशी काही संबंध नाही. कुळीथ खुशाल खा, पिठी कर, मलाही पीठ पाठव. पण त्याने खडा विरघळेल म्हणून वाट बघत बसू नकोस. ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू पिऊन खडे पडल्याचे व्हिडिओ फिरतात, त्यात दिसतात ते हिरवट मऊ गोळे तेलापासूनच पोटात तयार झालेले असतात. उलट लहान खडा सरकून पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं जिवावर बेतू शकतं.

माझं ऑपरेशन झाल्यापासून सोसायटीतल्या, ऑफिसातल्या बायका माझ्याकडे येऊन आपापल्या पोटाचं बोलू लागल्या आहेत. त्याचं मला आधी नवल वाटलं, आता ते माझंच काम वाटतं. तुला अळूवड्या आणून देणाऱ्या खालच्या काकू आठवतात ना? त्यांना मधुमेह आहे, खडे आहेत, दोनदा कळ येऊन गेली होती, आणि मुलाचं लग्न उरकू दे म्हणून त्या थांबल्या होत्या. ऑपरेशन करा असं मी त्यांना सांगितलं नाही, तो निर्णय त्यांचा आणि त्यांच्या डॉक्टरांचा. मी फक्त त्यांच्याबरोबर ओपीडीत गेले. आदल्या रात्री दोघींनी बसून प्रश्न कागदावर लिहिले: साखर किती असली तर चालेल, रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची, घरी आल्यावर जिने चढायचे का. डॉक्टरांसमोर बसलं की अर्धे प्रश्न विसरायला होतात, तसं झालं नाही. ऑपरेशन झाल्यावर काढलेली पिशवी तपासायला पाठवली, तर "बायोप्सी" ऐकून त्यांच्या मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. ती पिशवी नेमाने तपासायला जाते, माझीही गेली होती, हे सांगितल्यावर तो खाली बसला. मग लोक प्रेमाने डिंकाचे लाडू आणि तुपातला शिरा घेऊन यायला लागले. पहिले काही आठवडे पोटाला ते जड जातं. मी त्यांच्याकडे पेज नेली, मेतकुटाची पुडी नेली. तू मला करून दिली होतीस तशीच, चिमूटभर मीठ घालून, भाताचं शीत दिसेल न दिसेल इतकी मऊ.

आणखी एक मुलगी आहे, माझ्याच ऑफिसातली. नाव लिहीत नाही. तिला मोठ्या आतड्याची सूज आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस. आजार वर आला की रक्त पडतं, आणि शौचाची कळ आली की दोन मिनिटंही थांबता येत नाही. आपल्या लोकलमध्ये शौचालय नाही. म्हणून ती सकाळी काहीही न खाता निघते, कल्याणपासून दादरपर्यंत कोणत्या स्टेशनवर कोणत्या फलाटावर स्वच्छतागृह आहे ते तिला पाठ आहे, आणि ट्रेन दोन स्टेशनांच्या मधे थांबली की तिला दरदरून घाम फुटतो. घरचे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस, बरं वाटेल. नुसत्या टेन्शनने होणारा हा आजार नाही, त्याची औषधं वर्षानुवर्षं नेमाने घ्यावी लागतात. पित्ताशय काढल्यावर काही जणांना जुलाबासारखं होतं, तसं मलाही काही काळ झालं, आणि त्या दिवसांत लोकलमध्ये उभं राहताना माझ्या पोटात जो गोळा यायचा तो तिच्या पोटात रोज असतो. माझं आपोआप थांबलं. ज्यांचं थांबत नाही त्यांना पित्त बांधून ठेवणारी पावडर मिळते, ती डॉक्टर लिहून देतात. तिचं तसं थांबणारं नाही. आम्ही दोघींनी मिळून साहेबांशी बोलून तिची वेळ तासाभराने पुढे करून घेतली. आता ती गर्दी ओसरल्यावर निघते, दोन इडल्या खाऊन.

आई, हे सगळं तुला का सांगतेय ते तुझ्या लक्षात आलं असेल. गुडघा दुखला तर तू चारचौघांत सांगतेस. पोटाचं मात्र लपवतेस, जणू त्यात काही लाजायचं आहे. काकूही तशाच, ती मुलगीही तशीच. तू माझी पेज ढवळत उभी होतीस तेव्हाही तुझं दुखत असणार, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

आता नेमकं काय करायचं ते लिहिते. येत्या आठवड्यात रत्नागिरीला जा. पोटाची सोनोग्राफी उपाशीपोटी करतात, सहा ते आठ तास काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. चहा घेतला की पिशवी आकसते आणि नीट दिसत नाही. तुझी बीपीची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, ते सेंटरवर फोन करून आधीच विचारा. त्याच दिवशी लिव्हरची रक्ततपासणीही करून घ्या. खडे निघाले म्हणजे लगेच ऑपरेशन असं नसतं. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांचे खडे पुष्कळदा तसेच ठेवतात. तुला त्रास आहे, म्हणून सर्जनचं मत घेऊ, आणि त्या दिवशी मी तिथे असेन. खर्चाचं बघताना रुग्णालयात महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र असतील तर त्यांना आधी भेटा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

पण त्याआधी कधी कळ थांबेनाशी झाली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, मग मला.

बाबा, तुमच्यासाठीही एक आहे. छातीत किंवा पोटाच्या वर दडपण आलं, घाम सुटला, जबडा किंवा हात भरून आला, तर सोडा पिऊन झोपायचं नाही. आधी ईसीजी. तुमच्या वयात हृदयाचं दुखणं पोटाचं म्हणून खपून जातं.

रिपोर्टचा फोटो पाठवताना पूर्ण पान येऊ द्या, नुसती खालची ओळ नको, पिशवीच्या भिंतीची जाडी आणि नलिकेचं माप वरच लिहिलेलं असतं. पोरं आजीची वाट बघतायत.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, गुडघ्याची गोळी तुम्ही अजून उपाशीपोटी घेता असं आई म्हणाली. ती जेवणानंतरच घ्या, आणि रोज लागत असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. त्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर गोळी तिथेच बंद करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.