पक्या, तुझे गुडघे आणि शंभरीच्या आजी

प्रिय पक्या,

परवा फोनवर "आता वय झालं रे आपलं" म्हणून तू विषय संपवलास, मी पण ऑफिसच्या गडबडीत हो हो म्हणून फोन ठेवला, पण ते वाक्य दोन दिवस कानात गेलेल्या पाण्यासारखं बसलंय, डोकं कितीही आपटलं तरी निघेना. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. चहा घेऊन बस.

मी सहा महिन्यांपासून टँकवर पोहायला जातोय हे तुला सांगितलं नव्हतं, कारण तू हसशील. आपण विहिरीत शिकलेले, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा आणि वरून आप्पांचा धक्का, कोच वगैरे भानगडच नव्हती. मुटका मारायचा, पायऱ्यांपर्यंत हातपाय झाडायचे, की आलं पोहायला. त्या जोरावर मी इथल्या टँकमध्ये पहिल्या दिवशी ऐटीत उतरलो आणि दुसऱ्याच लांबीला दोरी धरून धापा टाकत उभा. शेजारच्या लेनमधून एक आजोबा गेले, आले, परत गेले, परत आले. पाण्याचा आवाज म्हणून नाही. नंतर कळलं वय अठ्ठ्याहत्तर. मला म्हणाले, "श्वास सोडा, घ्यायचं आपोआप होतं." बास, एवढंच, आणि निघाले पुढच्या लांबीला. मी चोपन्न वर्षं फक्त श्वास घेत होतो की काय असं वाटलं बघ.

तिथल्याच सकाळच्या बॅचला एक काकू आहेत. काठी टेकत, कठड्याला धरत येतात, काठी शिडीच्या दांड्याला अडकवतात आणि मागे तोंड करून एकेक पायरी उतरतात. ते उतरणं बघवत नाही, इतका वेळ लागतो. आणि एकदा का पाणी खांद्याला लागलं की बाई वेगळीच, पाठीवर पडून जी निघते की लंगडणारी ती हीच का असं वाटावं. त्यात जादू काही नाही म्हणा, गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायावर शरीराच्या वजनाचा साधारण दहावा भागच उरतो. तुझ्या डॉक्टरने तुला "रनिंग बंद" सांगितलं ते तू लक्षात ठेवलंस, पुढे "स्विमिंग चालेल" म्हणाला होता ते सोयीस्कर विसरलास. वहिनींनी सांगितलं मला.

तर त्या आजोबांमुळे मला मास्टर्स स्विमिंगचा, म्हणजे मोठ्या वयाच्या लोकांच्या वयोगटांप्रमाणे होणाऱ्या पोहण्याच्या स्पर्धांचा नाद लागला, म्हणजे आधी नुसता वाचायचा. मिएको नागाओका म्हणून जपानी आजी होत्या, १९१४ सालचा जन्म. गुडघा दुखायला लागला म्हणून ऐंशी ओलांडल्यावर पोहायला लागल्या. ऐंशी ओलांडल्यावर, पक्या! आपल्याकडे त्या वयात माणसाला स्टूलवर चढू देत नाहीत. २०१५ च्या एप्रिलमध्ये मात्सुयामाला त्या १५०० मीटर फ्रीस्टाइलला उतरल्या, तेव्हा वय १००. पंचवीस मीटरचा टँक, म्हणजे साठ लांब्या. फ्रीस्टाइलला कुठल्याही पद्धतीने पोहलेलं चालतं, त्यामुळे आजी अख्खं अंतर पाठीवर पोहल्या, छताकडे बघत. १ तास १५ मिनिटं ५४.३९ सेकंद. शंभरीत एवढं अंतर पोहून पूर्ण करणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या. त्यांच्या वयोगटात दुसरं कुणी नव्हतंच, हरवायला कुणी नाही आणि हरायची भीती नाही, तरी साठ लांब्या.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू, ते .३९. पॅरिस ऑलिम्पिकला बॉबी फिंकने हेच अंतर पन्नास मीटरच्या टँकमध्ये १४ मिनिटं ३०.६७ ला मारलं, त्यात सेकंदाचे शतांश मोजणं समजू शकतो. पण सव्वा तास पोहणाऱ्या आजींचेही शतांश मोजतात रे! कुणी "वा आजी, या वयात!" म्हणून शाल-नारळ देऊन स्टेजवर बसवलं नाही. भिंतीला हात लागला तेव्हा घड्याळ थांबलं. आपण म्हाताऱ्या माणसांचं कौतुक फार करतो, पण त्यांचा टाइम कुणी घेतो का? मला तर ते कौतुक हल्ली जरा अपमानच वाटायला लागलंय. असो, हा माझा चावटपणा.

आणि या मास्टर्सवाल्यांची वयाची गंमत ऐक, ही खास तुझ्यासाठी. गट पाच-पाच वर्षांचे, २५ पासून सुरू. आणि जागतिक नियमात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला जे वय होणार ते धरतात. कॅनडाच्या बेटी ब्रुसेल, जन्म १९२४ चा. जानेवारी २०२४ मध्ये वय ९९ असताना त्या १०० ते १०४ च्या गटात उतरल्या आणि एका दिवसात तीन वर्ल्ड रेकॉर्ड, त्यातला ४०० मीटर फ्रीस्टाइलचा आधीचा रेकॉर्ड जवळजवळ चार मिनिटांनी मोडला. ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज कोरोनेस, रिटायर्ड डॉक्टर, तरुणपणी पोहायचे, मग सुटलं ते ऐंशीच्या आसपास परत धरलं. त्यांनी पण २०१८ च्या फेब्रुवारीत हेच केलं, ९९ व्या वर्षी शंभरीच्या गटात, ५० मीटर ५६.१२ सेकंदात. म्हणजे बघ, आपण केसांना कलप लावून वर्षं लपवतोय आणि हे लोक कधी एकदा पुढच्या गटात जातो म्हणून वाट बघतायत, कारण तिथे गेलं की ते सगळ्यात लहान! रिलेत तर चौघांच्या वयाची बेरीज करून गट ठरतो, टीममधल्या म्हाताऱ्याला जास्त भाव.

आता माझी फजिती. मागच्या महिन्यात एका छोट्या स्पर्धेत नाव दिलं, ५० मीटर फ्रीस्टाइल, घरी कुणाला सांगितलं नाही. ब्लॉकवर उभा राहिलो तर पाय लटपटत होते. शिट्टी झाली, विहिरीच्या सवयीने असा सूर मारला की पोटच आपटलं फाडकन, गॉगल निसटून तोंडात. आंधळ्यासारखा पोहलो, मध्ये दोरीला धडकलो, शेवटून दुसरा आलो. शेवटचा जो होता त्याला पायात गोळा आला होता, म्हणजे हिशेबाने मीच शेवटचा. आमचे अठ्ठ्याहत्तरवाले आजोबा त्यांच्या गटात पहिले आले पण तोंड पाडून बसलेले, का तर गेल्या वेळेपेक्षा दोन सेकंद जास्त लागले. मी म्हटलं काका गोल्ड मिळालं की, तर म्हणाले, "आम्ही गटात दोघंच, त्यातले एक आजारी." आणि टर्नला पाय कसा घसरला ते टॉवेल गुंडाळून दहा मिनिटं मला समजावत होते, मग डब्यातली मेथीची पोळी अर्धी मोडून दिली. माझ्या पोटावरची लाली तीन दिवस होती. बायकोला शेवटी सांगावं लागलं.

मी डिसेंबरचा असलो तरी त्या नियमाने यंदा १ जानेवारीपासूनच ५५ च्या गटात. आणि तुझं काय? तुझी घरची जन्मतारीख वेगळी आणि गुरुजींनी शाळेत टाकलेली १ जून वेगळी, वर्ष पण एकाने वाढवलेलं ना? रिटायरमेंट एक वर्ष आधी येणार म्हणून तू गुरुजींना अजून शिव्या घालतोस. पण फॉर्मला आधारच लागतं, म्हणजे तू पण यंदाच ५५ च्या गटात, खऱ्या चोपन्न वर्षांच्या गुडघ्यांसकट. गुरुजींना एक फोन कर, असतील अजून. आणि इकडे येशील तेव्हा चड्डी आण, बर्म्युडा नको, टँकवर घेत नाहीत.

तुझा,
बाळ्या