सूचना : क्लाउड मशीनवरील फॉल्ट इंजेक्शनच्या मांडणीबाबत

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) फॉल्ट इंजेक्शन सर्व्हिसचे, म्हणजे यंत्रणा कितपत तग धरते हे पाहण्यासाठी मुद्दाम बिघाड घडविणाऱ्या सेवेचे, प्रयोग केवळ चाचणी खात्यातील मशीनवरच करावेत. बिघाड घडविण्यापूर्वी मशीनवर एसएसएम एजंट (एडब्ल्यूएसच्या सिस्टिम्स मॅनेजर सेवेच्या आज्ञा मशीनवर पार पाडणारा प्रोग्रॅम) चालू असल्याची आणि मशीनच्या आयएएम रोलला (कोणाला काय करता येईल हे ठरविणाऱ्या परवानग्यांच्या संचाला) सिस्टिम्स मॅनेजरची परवानगी असल्याची खात्री करून घ्यावी. प्रयोग चालविणारा रोल याहून वेगळा असतो, आणि गल्लत बहुधा इथेच होते. मशीन टॅगने (मशीनला जोडलेल्या नावाच्या खुणेने) निवडताना लहान-मोठ्या अक्षरांसह टॅग अचूक लिहावा, अन्यथा मशीन सापडत नाही आणि प्रयोग सुरुवातीलाच फसतो.

सीपीयूवर ताण देताना कालावधी दोन ठिकाणी भरावा लागतो : एसएसएम दस्तऐवजाच्या (मशीनवर चालवायच्या आज्ञांच्या तयार संचाच्या) पॅरामीटरमध्ये सेकंदांत, उदाहरणार्थ १२०, आणि कृतीच्या रकान्यात ‘पीटी५एम’ (म्हणजे ५ मिनिटे) अशा रूपात. दुसरा कालावधी पहिल्याहून जास्त ठेवावा, कारण आवश्यक पॅकेज मशीनवर उतरवून घेण्यातही वेळ जातो.

प्रयोग आपोआप थांबण्याची अट म्हणून क्लाउडवॉचचा (एडब्ल्यूएसच्या देखरेख सेवेचा) अलार्म जोडल्याखेरीज कोणीही, घाईत असले तरी, प्रयोग सुरू करू नये. शुल्क प्रत्येक कृतीच्या मिनिटांवर आकारले जाते, त्यामुळे कालावधी विनाकारण वाढवू नये.