भिंतीवर धावा, पण निधीची वही वेगळी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अमुक संस्थेच्या मदतीसाठी मी चीनच्या भिंतीवर मॅरेथॉन धावणार आहे, हातभार लावा’ अशी आवाहने अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. हेतू उत्तमच असतो. पण जमलेल्या पैशांतून विमानाचे तिकीट काढणार की नाही, याचा त्यात सहसा उल्लेख नसतो. शर्यत अर्धवट सुटली तर देणगीचे काय, हेही कोणी लिहीत नाही. चीनला जायचा विचार करणाऱ्यांनी आणि त्यांना पैसे देणाऱ्यांनीही काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात, म्हणून हे पत्र.

ही शर्यत ‘ग्रेट वॉल मॅरेथॉन’ नावाने ओळखली जाते. १९९९पासून ती त्यानजिन महापालिकेच्या हद्दीतल्या ह्वांगयाग्वान या डोंगराळ भागात, एरवी मे महिन्यात, भरत आली आहे. मार्गात ५,१६४ पायऱ्या आहेत. पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, म्हणजे हिशेबाने साधारण पन्नास पर्वती झाल्या. फरक असा की पर्वतीच्या पायऱ्या रुंद आणि सारख्या उंचीच्या आहेत. भिंतीवर एक पायरी वीतभराचीही नसते आणि पुढची थेट गुडघ्याशी येते. त्यामुळे पावलांचा ठेका बसतच नाही आणि दर पायरीला नजर खाली ठेवावी लागते.

पूर्ण मॅरेथॉनमध्ये भिंत दोनदा पार करायची असते. पहिल्यांदा सुरुवातीच्या चढानंतर, आणि दुसऱ्यांदा उलट बाजूने, ३४ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एरवी ज्या टप्प्यावर अंगातला ऊर्जेचा साठा संपत आलेला असतो, नेमका तिथे कडा समोर येतो. एकूण मर्यादा आठ तासांची आहे आणि दुसऱ्यांदा भिंतीवर चढण्याआधीही वेळेची अट असते. जिंकणाऱ्यांनाही तीन तासांहून जास्त लागतात. सपाट रस्त्यावर साडेचार तासांत मॅरेथॉन करणाऱ्याने इथे किमान दीडपट वेळ धरावा. सपाटीवर ज्याला साडेपाच तासांहून अधिक लागतात, त्याने अर्धमॅरेथॉनच घ्यावी. तीत भिंत एकदाच येते. निधीसाठी धावणाऱ्याला आमची शिफारस अर्ध्याचीच आहे, कारण त्याने लोकांना शब्द दिलेला असतो.

सराव किलोमीटर मोजून करू नये. सोळा आठवडे हाताशी ठेवावेत आणि आठवड्यातले दोन दिवस पायऱ्यांना द्यावेत. पर्वतीच्या पाच फेऱ्यांपासून सुरुवात करून वीसपर्यंत जावे. चढण्याने दम लागतो, पण पाय मोडतात ते उतरताना. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार झेलतात. त्यांचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते, आणि म्हणूनच सराव झाल्या-झाल्या सारे ठीक वाटते. उतरणीची शेवटची जड फेरी शर्यतीच्या बारा दिवस आधी संपवावी. महिन्यातून दोनदा सिंहगड करावा, येताना रिक्षा-जीप न करता पायीच उतरावे. जाड तळव्याचे, कार्बन पट्टीचे बूट घासलेल्या दगडावर घोटा वळवतात. चांगली पकड असलेले साधे बूट बरे, आणि नखे दोन दिवस आधी कापावीत. पायऱ्यांवर घड्याळातला वेग निरुपयोगी असतो, श्वासावर चालावे. तिथे सगळेच चालतात, त्यात कमीपणा नाही. दमल्यावर मध्येच थांबू नये, कडेला होऊन मागच्यांना वाट द्यावी.

शर्यतीच्या दोन दिवस आधी भिंतीची पाहणी ठेवलेली असते आणि ती सक्तीची असते. तेव्हा आदल्या रात्री पोहोचायचे बेत आखू नयेत. चीनची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले सकाळचे साडेसात म्हणजे शरीराच्या लेखी पहाटेचे पाच. मुक्काम बीजिंगला असेल तर बससाठी त्याच्याही बऱ्याच आधी उठावे लागते. निघण्यापूर्वी आठवडाभर रोज थोडे लवकर झोपून लवकर उठावे. मे महिन्यात उत्तर चीनमधली हवा कोरडी असते, घाम लगेच वाळतो आणि पाणी किती गेले ते कळत नाही.

डोंगरातली हवा आणखी एका कारणाने गंभीरपणे घ्यायला हवी. २२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतातल्या बायइन इथल्या १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, थंड पाऊस आणि वादळी वारा सुटला आणि २१ धावपटूंचा मृत्यू झाला. वारा अडवणारे जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचे नव्हते आणि बहुतेक जण पातळ कपड्यांवर होते. ही अंतरे वेगळी आणि उंचीही वेगळी, हे खरे. तरी दीडशे-दोनशे ग्रॅमचे जॅकेट कमरेला बांधायला काहीच जड नाही. प्रवासविमा घेताना ‘स्पर्धात्मक किंवा साहसी खेळ’ वगळलेले तर नाहीत ना, हेही पाहावे. कित्येक पॉलिसींत ते बारीक अक्षरांत वगळलेले असतात.

आता पैशांविषयी. प्रवेशशुल्क, विमान, हॉटेल हा सगळा खर्च धावणाऱ्याने स्वतःच्या खिशातून करावा आणि आवाहनाच्या पहिल्याच ओळीत तसे लिहावे. देणगी स्वतःच्या बचत खात्यात घेऊच नये. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात आलेली रक्कम ५०,००० रुपयांवर गेली तर ती करपात्र उत्पन्न ठरू शकते आणि देणगीदारालाही करसवलतीची पावती मिळत नाही. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्यावेत, पावती संस्थेनेच द्यावी. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करवजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती वजावटच नाही, हे देणाऱ्याला आधी सांगावे.

परदेशातल्या मराठी मित्रांना आवाहन पाठवताना जास्त जपावे लागते. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, त्याची देणगी परकीयच. ती घेण्यासाठी संस्थेची एफसीआरए म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. ही चूक धावपटूच्या हातून नकळत होते, पण उत्तर देण्याची वेळ संस्थेवर येते.

‘दर किलोमीटरला अमुक रुपये’ ही पद्धत या शर्यतीला चालत नाही. ३४ किलोमीटरवर वेळ संपल्याने थांबवले गेलात, तर रुग्णालयाच्या खाटेचे पैसे आठ किलोमीटरांनी कमी व्हावेत का? शर्यत पुरी होवो न होवो, रक्कम ठरलेलीच, असे ठेवावे. निकाल मात्र लपवू नये, टप्प्याटप्प्याच्या वेळांसकट सगळ्या देणगीदारांना पाठवावा. नोव्हेंबर २०१८मध्ये शेन्झेनच्या अर्धमॅरेथॉनमध्ये २५८ जण नियमभंग करताना सापडले. त्यांतले २३७ झाडीतून आडवाटेने गेले होते, काहींचे बिब, म्हणजे छातीवरचे क्रमांक, बनावट होते, तर तिघे दुसऱ्याच्या नावावर धावत होते. मित्राचा बिब लावून धावणे हा तिथे गंभीर नियमभंग मानतात. निधी गोळा करणाऱ्याने तर तो विचारही करू नये.

चीनमध्ये पोहोचल्यावर देणगी मागू नये, प्रेक्षकांकडेही नाही आणि सहधावपटूंकडेही नाही. तिथल्या धर्मादाय कायद्याने जाहीर निधीसंकलनाचा अधिकार परवानगी असलेल्या नोंदणीकृत संस्थांनाच आहे, आणि परदेशी संस्थांना २०१७पासून लागू असलेल्या कायद्याने चीनमध्ये निधी गोळा करण्यास मनाई आहे. संस्थेचे नाव बनियनवर असू द्या, क्यूआर कोड नको.

प्रवासाचे थोडक्यात. चीनच्या २४० तासांच्या व्हिसामुक्त थांब्याच्या यादीत भारत नाही, त्यामुळे पर्यटक व्हिसा आधी काढावाच लागतो. मधे हाँगकाँगला जाऊन परत यायचे असेल तर दुहेरी प्रवेशाचा मागावा, नाहीतर परतीची वाट बंद. नातेवाइकांच्या घरी उतरणाऱ्याने २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची असते. हॉटेलात ती हॉटेलच करते. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नये. पैसे देण्यासाठीची अलिपे आणि वीचॅट ही दोन्ही अ‍ॅप भारतातूनच घेऊन व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचे कार्ड जोडावे, आणि त्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करावा. बहुतेकांचे अडते ते इथेच. अलिपेवर परदेशी कार्डाने २०० युआनवरच्या व्यवहाराला तीन टक्के आकार लागतो. व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल तिथल्या सिमवर चालत नाहीत, भारतीय रोमिंगवर सहसा चालतात.

पॉवर बँकेची गोष्ट नवी आहे. २८ जून २०२५पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत ‘३सी’ ही चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, तपासणीत ती काढून घेतात. आपल्याकडे घेतलेल्या बहुतेकांवर ही खूण नसते. पेढे, बर्फी, फळेही नेऊ नयेत, दुधाच्या पदार्थांना आणि ताज्या फळांना मनाई आहे. शर्यतीसाठी बंद पाकिटातली राजगिऱ्याची वडी पुरते. शाकाहाऱ्यांनी ‘मांस, मासे, चरबी, हाडांचा रस्सा चालत नाही’ असे पूर्ण वाक्य चिनीत लिहून फोनमध्ये ठेवावे. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर भाजीत डुकराची चरबी येऊ शकते.

फिरणे शर्यतीनंतर ठेवावे, आणि पहिले दोन दिवस सपाटीवरचेच. शर्यत शनिवारी असेल तर सोमवारी राजवाडा बघू असे ठरवू नये, बीजिंगचे निषिद्ध नगर सोमवारी बंद असते. तिकीट सात दिवस आधी, पारपत्राच्या नोंदीवर घ्यावे लागते. त्याऐवजी त्या सोमवारी श्जियाज्वांगची गाडी धरावी. बीजिंग पश्चिम स्थानकावरून वेगवान गाडीने सव्वा ते दीड तास लागतो. तिथल्या हुतात्मा स्मारकात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८मध्ये सुभाषचंद्र बोसांनी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून केलेल्या आवाहनावर लोकांनी वर्गणी दिली आणि त्या पैशांवर पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. कोटणीस त्यातले एक. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचे निधन झाले. रेल्वेचे तिकीट पंधरा दिवस आधी खुले होते. फाटकावर पारपत्र हेच तिकीट, ते हॉटेलात विसरू नये.

आपले,
पहाटे पर्वतीवर सराव करणारे काही वाचक, पुणे