एमबीए, एम.कॉम.ची इंटर्नशिप : प्रश्न कारखान्याने द्यावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पदव्युत्तर व्यवस्थापन आणि वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांना उद्योगात काही काळ प्रत्यक्ष काम करणे आता जवळपास सर्वत्र बंधनकारक झाले आहे. एमबीएला ही अट पूर्वीपासून आहे. पहिले वर्ष संपले की दीड-दोन महिने एखाद्या कंपनीत काढायचे, त्यावर प्रकल्प अहवाल लिहायचा आणि दुसऱ्या वर्षी त्याची तोंडी परीक्षा द्यायची, हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये जो अभ्यासक्रमाचा आराखडा लागू केला, त्यानुसार एम.कॉम.च्या दुसऱ्या सत्रातही चार श्रेयांकांचे, म्हणजे साधारण १२० तासांचे, ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले. परिणामी कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींतल्या आमच्यासारख्या लहान कारखान्यांच्या फाटकाशी प्राचार्यांचे पत्र घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली आहे. एका फाउंड्रीचे, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे, हिशेब आणि खरेदी सांभाळणारा भागीदार म्हणून या उपक्रमाकडे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहतो, आणि तिथून जे दिसते ते विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांपर्यंत पोहोचावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

आलेला विद्यार्थी पहिल्या भेटीतच, कधी आडून तर कधी थेट, सर्टिफिकेट केव्हा मिळेल ते विचारतो. याचा राग धरण्यात अर्थ नाही, कारण परीक्षेत त्याच्याकडून मागितले जाते ते नेमके तेवढेच : कंपनीच्या लेटरहेडवरचे, सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र, हजेरीचा तक्ता आणि पुठ्ठा बांधणीतला अहवाल. या अहवालाचा साचाही ठरून गेलेला आहे. सुरुवातीला कंपनीची माहिती, जी आमच्याच वेबसाइटवरून उचललेली असते. मग पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या. मग पन्नास कामगारांनी भरल्याचे दाखवलेली प्रश्नावली, तिचे गोल रंगीत आलेख आणि शेवटी ‘कामगारांना अधिक प्रोत्साहन द्यावे’ यासारख्या, कुठल्याही कारखान्याला कुठल्याही वर्षी लागू पडतील अशा शिफारशी. आमच्याकडे एकूण कामगारच पन्नास नाहीत, तरी नमुन्याची संख्या पन्नास असते, यावर तोंडी परीक्षेत कोणी प्रश्न विचारल्याचे ऐकिवात नाही.

याच मुलांच्या हाती खरे काम दिले तर काय होते, याचा एक अनुभव सांगतो. आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच)ची तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना द्यायची देणी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकती केली नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीस मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. आम्हाला वाळू, रेझिन, पॅटर्न, खोकी पुरवणारे बरेचसे लोक लहानच. त्यातले कोण सूक्ष्म, कोण लघु, कोण मध्यम, कोणाचे ‘उद्यम’ हे लघुउद्योग नोंदणीचे प्रमाणपत्र आहे आणि कोण मुळात उत्पादक नसून व्यापारी आहे, हे कोणी नीट मांडून ठेवलेले नव्हते. वित्त विषय घेतलेली एमबीएची एक विद्यार्थिनी तेव्हा आमच्याकडे होती. तिने खरेदीची खतावणी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढली, एकेका पुरवठादाराला फोन करून प्रमाणपत्र मागवले, बिलाची तारीख, माल स्वीकारल्याची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख शेजारी-शेजारी मांडली. ज्यांना आम्ही इतकी वर्षे लघुउद्योजक समजत होतो, त्यांतले काही नोंदीत व्यापारी निघाले आणि त्यांच्या बाबतीत ही मुदत लागूच होत नव्हती. उलट ज्यांची बिले आम्ही ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून बाजूला सारत होतो, त्यांतल्या काहींची मुदत केव्हाच उलटून गेलेली होती. आमच्या सीएंनी तो तक्ता तपासला आणि आजही आम्ही त्याच पद्धतीने नोंद ठेवतो.

या मुलीच्या प्रकल्प अहवालात मात्र या कामाचा मागमूस नव्हता. तिच्या अहवालाचा विषय होता ‘कर्मचारी समाधानाचा अभ्यास’. ती येण्याआधीच विषय मंजूर होऊन नोंदवला गेला होता आणि आता बदल करता येणार नाही, असे तिला महाविद्यालयातून सांगण्यात आले होते. म्हणजे जे काम तिने केले त्याला गुण नाहीत आणि ज्याला गुण मिळाले ते काम तिने घरी बसून दोन रात्रींत उरकले. माझ्या मते या साऱ्या उपक्रमाचे दुखणे इथेच आहे. विषय आधी ठरतो, तो महाविद्यालयात ठरतो, आणि ज्या जागी काम करायचे तिथली गरज काय हे विचारण्याची पायरीच त्यात नाही.

गरजा काही थोड्याथोडक्या नाहीत. ओतकामात रिजेक्ट झालेला माल पुन्हा भट्टीत जातो, म्हणून त्याचे नुकसान आम्ही सवयीने भंगाराच्या भावाने मोजतो. पण तो माल ओतताना इंडक्शन फर्नेसने खाल्लेली वीज, मोल्डिंगची म्हणजे साचे करण्याची मजुरी, वाळू, फेटलिंगचे म्हणजे ओतलेला माल साफ करण्याचे तास आणि चुकलेली डिलिव्हरी हे सगळे वाया गेलेलेच असते. एका महिन्याच्या हीटची, म्हणजे भट्टीच्या एकेका घाण्याची, नोंदवही आणि वीजबिल समोर ठेवून रिजेक्शनचा किलोमागे खरा खर्च काढणे हे ऑपरेशन्सच्या विद्यार्थ्याला सहज पेलणारे काम आहे. वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराप्रमाणे पाळ्यांची फेरमांडणी केली तर किती बचत होईल, मोठ्या ग्राहकांकडे आमची उधारी सरासरी किती दिवस अडकते आणि त्यावरचे व्याज आम्ही भावात धरतो का, हे प्रश्न प्रत्येक लहान कारखान्यात पडून आहेत, कारण ते सोडवायला वेगळा माणूस ठेवणे परवडत नाही.

मुळात ही पद्धत आली ती नामांकित संस्थांकडून. मुंबईची जमनालाल बजाज किंवा अहमदाबादची आयआयएम अशा ठिकाणी कंपन्या स्वतःहून येतात, विद्यार्थी निवडतात, घसघशीत मानधन देतात आणि काम पसंत पडले तर शिक्षण संपण्याआधीच नोकरीचा देकार देतात. तिथे कंपनीला गरज असते म्हणून इंटर्नशिप होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत तीच गोष्ट केवळ अभ्यासक्रमात आहे म्हणून होते, आणि या पोकळीत भलतेच लोक शिरतात. ‘मार्केटिंग इंटर्न’ असे गोंडस नाव देऊन मुलांना विमा पॉलिसी आणि डिमॅट खाती यांची टार्गेट्स देणारे आहेत. ती टार्गेट्स मामा, मावशी आणि शेजारी यांच्यावर भागतात आणि नातेवाईक संपले की इंटर्नशिपही संपते. विद्यार्थ्याकडूनच पैसे घेऊन ऑनलाइन इंटर्नशिपचे प्रमाणपत्र घरपोच पाठवणारेही आहेत. अशी प्रमाणपत्रे महाविद्यालये स्वीकारतात तोवर हा धंदा थांबणार नाही.

आम्ही लघुउद्योजकही काही धुतल्या तांदळासारखे नाही. ओळखीच्या माणसाचा फोन आला की मुलाचे तोंडही न पाहता सही करून देणारे आमच्यात आहेत. आलेल्या मुलाला दोन महिने फायलींना पंचिंग करायला आणि झेरॉक्स काढायला बसवणारेही आहेत. खतावण्या उघडायला भीती वाटते हे खरे, कारण आपला भाव आणि ग्राहक कोण हे शेजारच्या गाळ्यात कळू नये, असे प्रत्येकाला वाटते. पण त्यावर गोपनीयतेचे एका पानाचे हमीपत्र आणि नेमून दिलेला मर्यादित प्रश्न एवढा उपाय पुरतो.

वेळापत्रकाची अडचण वेगळीच आहे. एमबीएची सीईटी, तिचे निकाल आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की पहिले वर्ष लांबते आणि उन्हाळी म्हणवली जाणारी इंटर्नशिप भर पावसाळ्यात येते, तीही सगळ्या महाविद्यालयांची एकदम. एम.कॉम.च्या १२० तासांचे तर बहुतेक ठिकाणी रोज दोन-दोन तासांचे तुकडे पडतात. मुलगा तासिका आटोपून दुपारी चारला येतो, तेव्हा आमच्याकडे डिस्पॅच, ई-वे बिले आणि ट्रकवाल्यांची घाई चालू असते. सलग तीन आठवडे पूर्ण दिवस दिले तर तेवढ्याच तासांत कितीतरी जास्त पदरात पडेल. आणखी एक गोष्ट जाता-जाता नोंदवतो : एम.कॉम. करणारी कितीतरी मुले आधीच सीएच्या ऑफिसात, पतसंस्थेत किंवा दुकानात नोकरी करून शिकतात. त्यांना त्या नोकरीत रजा टाकायला लावून दुसरीकडे ‘कामाचा अनुभव’ घ्यायला पाठवणे हे विचित्र आहे. त्यांच्या आहे त्याच कामाचे मूल्यमापन व्हावे.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. राधानगरी किंवा गडहिंग्लजहून रोज एसटीने येऊन पुढे शिरोलीपर्यंत पोहोचणाऱ्या मुलाला दोन महिन्यांचा प्रवास आणि जेवण पदरमोड करून भागवावे लागते. २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली तेव्हा तीत महिना ५,००० रुपये ठरले, पण पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती लागू नव्हती आणि एमबीएसारखी पदवी घेतलेल्यांनाही तिने वगळले होते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधर व पदव्युत्तरांना महिना १०,००० रुपये ठरले, तेही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. पण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दोन महिन्यांसाठी येणारा एमबीएचा विद्यार्थी त्या हिशेबात धरला जात नाही. म्हणजे शिकून बाहेर पडलेल्या बेकाराला योजना आहे, शिकाऊ उमेदवाराला कायदा आहे आणि सक्तीने पाठवल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला काहीच नाही. पदवीधर आणि पदविकाधारक शिकाऊ उमेदवारांच्या राष्ट्रीय योजनेत (एनएटीएस) किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते, तसा काही वाटा इथे उचलला गेला तर उरलेले पैसे द्यायला लहान कारखानदार कुरकुर करणार नाही, असे मला वाटते. पैसे दिले की कामही मागितले जाते, हा त्याचा दुसरा फायदा.

मुलींच्या बाबतीत महाविद्यालयांनी एक चौकशी आवर्जून करावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीचाही समावेश आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि त्याहून लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पाठवण्याच्या पत्रासोबत हे कळवायला एक परिच्छेद पुरतो.

आता मार्गदर्शक प्राध्यापकांविषयी. त्यांच्यावर टीका करणे सोपे आहे, परंतु अनेक महाविद्यालयांत पदे रिक्त असून काम तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर चालते, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा शिक्षकाच्या नावावर वीस-पंचवीस प्रकल्प असतात, कारखान्याला भेट देण्याचा ना वेळ धरला जातो ना प्रवासखर्च. आमच्याकडे आलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक मी कधी पाहिलेले नाहीत. ज्या एका-दोघांनी येऊन शॉप फ्लोअरवर अर्धा तास घालवला, त्यांच्या विद्यार्थ्यांचे काम वेगळे उतरले, कारण अहवालात काय खोटे आहे ते त्यांना दिसणार, हे मुलांना समजले होते. विद्यापीठाने किमान एक भेट बंधनकारक करावी आणि तिचे तास कार्यभारात मोजावेत.

माझी मुख्य सूचना मात्र विषयाच्या निवडीबद्दल आहे. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आणि शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल इथल्या कारखानदारांच्या अनुक्रमे स्मॅक, गोशिमा आणि मॅक या संघटनांनी दरवर्षी जानेवारीत आपल्या सभासदांकडून प्रत्येकी एक-दोन प्रश्न मागवावेत, त्यांची यादी महाविद्यालयांना द्यावी, विद्यार्थ्यांनी त्यातून निवड करावी आणि विषयाची नोंदणी कारखान्यात रुजू झाल्यावर दहा दिवसांनी व्हावी. शंभर पानांऐवजी वीस पानांचा अहवाल चालावा, तो मराठीत लिहिण्याची मुभा असावी, म्हणजे तो आमच्या फोरमनलाही वाचता येईल, आणि निम्मे गुण कारखान्यात, मार्गदर्शक व कारखान्याचा प्रतिनिधी यांच्या समोर केलेल्या मांडणीवर द्यावेत. या रीतीने काम होणार असेल तर पुढल्या हंगामात दोन विद्यार्थ्यांना विद्यावेतनासह घेण्याची आमची तयारी आहे. पहिल्या विद्यार्थ्यासाठी रिजेक्शनच्या खर्चाचा प्रश्न आणि दुसऱ्यासाठी थकलेल्या उधारीचा, असे दोन प्रश्न आम्ही आत्ताच लिहून ठेवले आहेत.

आपला,
एक फाउंड्रीचालक, शिरोली (कोल्हापूर)